रेडिओचा कान

गेल्या पावसाळ्यांत एका बटणाच्या शोधार्थ मला बिबवेवाडीहून बुधवार पेठेंत तीन खेपा कराव्या लागल्या. बटण म्हणजे सदऱ्याचें नव्हे, रेडिओचें. माझ्या मावशीचा जुना संच कायमचा मुका झाला होता. मावशीचें वय नव्वदीच्या घरांत. काचबिंदूमुळें दृष्टि पार गेलेली. दिवसभराचा सोबती म्हणावा तर तो रेडिओच. आमच्या गल्लींत अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी राहतो. त्यानें संच उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, आंतलें यंत्र आतां दुरुस्त होण्यासारखें नाहीं. आजींचा खोका तोच ठेवूं आणि पोटांत नवें बसवूं. तुम्ही फक्त एक फिरणारें आणि दाबलेंहि जाणारें बटण आणा. तेवढ्या एका बटणावर सगळें भागेल."

मी तपकीर गल्ली गांठली. पुण्यांतील विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाचा व्यापार ह्या अरुंद गल्लींत व तिच्या आसपास एकवटलेला आहे, हें पुणेकरांस सांगावयास नको. दुकानदारानें माझें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "पॉट पाहिजे कीं एन्कोडर? स्विचवाला कीं बिनस्विचचा? दांडी चपटी कीं दांत्यांची? आणि तुम्हांला वरचा नॉब हवा आहे कीं खालचा भाग?" ह्या चार प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर मला देतां येईना. पहिली खेप अशी फुकट गेली.

ह्या फजितीचें निम्में कारण आपल्या भाषेंत आहे. सदऱ्याला लावतों तें बटण, दिवा लावण्यासाठीं भिंतीवर दाबतों तें बटण, आणि रेडिओवर फिरवितों तेंहि बटणच! पूर्वींच्या लोकांनीं हा भेद अधिक काटेकोरपणें पाळलेला दिसतो. तंबोऱ्याला असते ती खुंटी, आणि ती पिळावयाची. पेटीला असते ती पट्टी, आणि ती दाबावयाची. रेडिओ घरांत आला तेव्हां त्याच्या अंगावरील ह्या खुंटीला आमच्या घरीं तरी 'कान' म्हणत. आवाज मोठा करावयाचा तर "जरा कान पिळ रे त्याचा" असें सांगण्यांत येई. नांव कांहींहि असो, दोन जातींचे स्वभाव मात्र भिन्न आहेत. खुंटी जेथें सोडावी तेथें राहते. पट्टी सोडली कीं परत वर येते. खुंटीला आठवण असते, पट्टीला ती नसते. मिरजेच्या कारागिरानें बसविलेली खुंटी रात्रभर आपला स्वर धरून बसते, कारण तिची जागा हाच तिचा स्वर. ज्या वस्तूच्या शोधांत मी होतों तिच्यांत ह्या दोन जातींचा संकर झालेला आहे, आणि तो होतांना खुंटीनें आपली आठवण गमावली. हें कसें घडलें तो इतिहास मजेचा आहे, आणि मावशीपुरता बोलावयाचें तर थोडा दुःखाचाहि आहे.

मुंबईचें नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजीं लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें सुरू झालें. तें चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली व 1930 सालीं सरकारला तें काम आपल्याकडे घ्यावें लागलें. त्या दशकांतील संचाची दर्शनी फळी आज पाहिली तर ती एखाद्या प्रयोगशाळेंतून उचलून आणिली आहे असेंच वाटेल. न्यूट्रोडाइन नांवाच्या अमेरिकन धर्तीच्या संचावर आंकडे कोरलेल्या तीन मोठ्या तबकड्या असत. तिन्ही तबकड्या एकमेकींशीं नेमक्या जुळल्या तरच केंद्र लागे. म्हणून हौशी श्रोते कोणत्या केंद्रास कोणते तीन आंकडे, हें एका वहींत टिपून ठेवीत. आवाज कमीजास्त करावयाचा म्हणजे व्हॉल्व्हमधील तार कमीजास्त तापवावयाची. थोडक्यांत, रेडिओ ऐकणें हा उद्योग होता, करमणूक नव्हे!

ह्या कटकटींतून सुटका झाली ती दोन युक्तींनीं. पहिली युक्ति अशी कीं, ते निरनिराळे कंडेन्सर एकाच दांडीवर ओवले गेले, म्हणजे एक खुंटी फिरविली कीं सर्व एकदम फिरत. दुरुस्ती करणारे लोक त्या जोडगोळीस 'गँग' म्हणतात. दुसरी युक्ति आवाजाची, आणि तिचें मूळ बरेंच जुनें आहे. 1841 सालीं पोगेनडॉर्फ नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें विजेरीचा दाब मोजण्याची एक रीति बसविली. तिच्यांतील मुख्य कल्पना ही कीं, प्रवाह वाहणाऱ्या तारेवर मध्येंच कोठेंतरी स्पर्श केला तर त्या जागेच्या प्रमाणांत दाबाचा वांटा मिळतो. ह्याच कल्पनेवरील साधनास पोटेन्शिओमीटर व बाजारांत लाडानें 'पॉट' म्हणतात. रेडिओंत तार जाऊन तिच्या जागीं कोळशाचा अर्धचंद्राकृति पट्टा आला. त्यावरून एक पातें सरकतें. पातें जेथें थांबेल तेवढा आवाज. पट्टा मात्र सगळीकडे सारखा नसतो. ध्वनीची शक्ति दहापट केली तरी आपल्या कानास तो आवाज सुमारें दुप्पटच वाटतो. म्हणून आवाजाच्या पॉटमधील पट्टा कानाच्या ह्या हिशेबानें चढता बनवितात. शिवाय पट्ट्याच्या आरंभीं एक लहानशी कळ बसविलेली असे. खुंटी अगदीं डावीकडे नेली कीं 'टक्' असा आवाज होऊन संच बंद होई. उजवीकडे वळविली कीं पुन्हां 'टक्', आणि मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहावयाची.

तो 'टक्' ज्यांनीं ऐकिला आहे त्यांस मी काय म्हणतों तें समजेल. अंधारांत, डोळे मिटून, नुसत्या बोटांनीं संच चालवितां येई. 'टक्' म्हणजे आरंभ; तेथून पाव फेरा म्हणजे एकट्यापुरता आवाज; अर्धा फेरा म्हणजे सगळें घर ऐकेल असा. खुंटीवर एक टिंब किंवा खांच असे, तिच्यावर अंगठा ठेवला कीं ती कोठें आहे हें कळे.

पुण्यास स्वतःचें केंद्र मिळालें तें 2 ऑक्टोबर 1953 रोजीं. त्यानंतर तिसऱ्याच वर्षीं ह्या केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें एक प्रयोग केला, तो जगभर नांवाजला गेला. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकंदर वीस. ऐकून झाल्यावर त्यावर मंडळानें चर्चा करावयाची. टाटा समाजविज्ञान संस्थेंत काम करणारे पॉल न्यूरथ ह्यांनीं त्या प्रयोगाची तपासणी करून अहवाल लिहिला. प्रयोगाच्या फलिताविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला येथें एक लहानशीच गोष्ट नमूद करावयाची आहे. 1951 च्या खानेसुमारींत देशांत शेंकडा 18 च्या आसपास लोकांस लिहितांवाचतां येत होतें. अशा देशांत एका संचाभोंवतीं गांव जमूं शकला, ह्याचें थोडें श्रेय त्या खुंटीकडेहि जातें असें माझें मत आहे. ती फिरविण्यास अक्षरओळख लागत नव्हती. केंद्र लागलें कीं नाहीं हें कानच सांगत असे.

पुढें संच स्वस्त झाले. फिलिप्स कंपनीनें 1959 सालीं पुण्यानजीक आपला दुसरा रेडिओचा कारखाना काढला, आणि 1965 च्या एप्रिलांत तिचा भारतांत बनलेला दहालक्षावा संच बाहेर पडला. तो कारखाना 2006 सालीं बंद झाला. त्याच्या भरभराटीच्या काळीं बिबवेवाडी हें शहराच्या वेशीबाहेरचें खेडें होतें. पुढें तेथें वसाहती उठल्या व 1983 सालीं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हें अभियांत्रिकी महाविद्यालयहि निघालें. असो.

'टक्'वाल्या खुंटीला दोन रोग जडत. धूळ शिरून वा पट्टा झिजून ती फिरवितांना खरखर करी. हा रोग सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरा अधिक सूक्ष्म. संच बंद करावयाचा म्हणजे खुंटी शून्यापर्यंत न्यावी लागे, त्यामुळें मनाजोगा लावलेला आवाज प्रत्येक वेळीं मोडे, आणि पट्टाहि दिवसांतून चारदां विनाकारण घासला जाई. ह्यावर तोडगा निघाला तो असा कीं, दांडी फिरवावी आवाजासाठीं, आणि तीच पुढें ओढावी अगर मागें ढकलावी संच चालू-बंद करण्यासाठीं. दूरचित्रवाणीच्या जुन्या संचांत अशी खुंटी पुष्कळांनीं पाहिली असेल. एकाच दांडीनें फिरणें व दाबलें जाणें हीं दोन कामें करावीं, ही कल्पना व्यवहारांत आली ती अशी. ह्या पायरीवर मात्र खुंटीची आठवण शाबूत होती. संच बंद केला तरी ती आपल्या जागेवरून हालत नसे.

ती आठवण घालविली कोणी? पुष्कळ जण ह्याचें खापर गणकयंत्रावर फोडतात. मला वाटतें, खरा गुन्हेगार त्याहून जुना आहे, आणि तो म्हणजे आरामखुर्ची! अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें 1950 सालीं खुर्चींतून न उठतां दूरचित्रवाणीचें केंद्र बदलतां यावें म्हणून तारेनें जोडलेलें एक साधन विक्रीस आणिलें. त्याचें नांवच 'आळशी हाडें' अशा अर्थाचें होतें. त्यांत मोटार बसवून संचावरील खुंटी खरोखरीच फिरविली जाई. 1956 सालीं त्याच कंपनीनें रॉबर्ट अ‍ॅडलर ह्यांच्या कल्पनेवरून, कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें चालणारें बिनतारी साधन काढलें. आतां अडचण पाहा. आवाज जर दुरून बदलावयाचा असेल, तर संचावरील खुंटी एक जागा दाखविते आणि आवाज असतो दुसराच. म्हणजे खुंटी खोटें बोलूं लागते. एक तर तिला मोटार लावून प्रत्येक वेळीं खऱ्या जागीं फिरवावी, नाहीं तर तिची जागाच निरर्थक करून टाकावी. महागड्या ध्वनिवर्धकांच्या निर्मात्यांनीं पहिला मार्ग पत्करला. बाकीच्यांनीं दुसरा, कारण तो स्वस्त.

ह्या दुसऱ्या मार्गावरील वस्तूचें नांव एन्कोडर. तिच्या पोटांत कोळशाचा पट्टा नसतो. असते एक चकती व तिला स्पर्श करणारे दोन संपर्क, एक किंचित् पुढें व एक किंचित् मागें. एखाद्या वाड्याच्या देवडींत दोन पहारेकरी उभे आहेत अशी कल्पना करा. एक बाहेरच्या अंगास, एक आंतल्या. आधीं बाहेरच्यानें हांक दिली व मग आंतल्यानें, तर माणूस आंत चालला आहे. उलट क्रमानें हांका आल्या तर तो बाहेर चालला आहे. वाड्यांत आधींच किती माणसें आहेत, हें ह्या दोघांस ठाऊक नसतें. तो हिशेब ठेवणारा कारकून निराळा, आणि तो म्हणजे संचांतील चिमुकला गणक. खुंटी फक्त एवढेंच सांगते: एक पाऊल पुढें, एक पाऊल मागें. तिला आरंभ नाहीं कीं शेवट नाहीं. ती दिवसभर एकाच दिशेनें फिरवीत बसलें तरी अडत नाहीं. एका फेऱ्यांत बहुधा वीस किंवा चोवीस खांचा असतात, त्या बोटांस कटकट अशा जाणवतात.

संपर्कांची उघडझांप अशा क्रमानें होते कीं एका वेळीं दोहोंपैकीं एकच बदलावा, म्हणजे वाचण्यांत घोटाळा होत नाहीं. ह्या धर्तीच्या क्रमास बेल प्रयोगशाळेंतील फ्रँक ग्रे ह्यांचें नांव आहे. त्यांनीं 1947 सालीं त्याच्या एकस्वासाठीं अर्ज केला व 1953 सालीं तें त्यांस मिळालें. त्यांच्या डोळ्यांपुढें होतें तें आवाजाचें आंकड्यांत रूपांतर करून तो दूर पाठविण्याचें काम. पोगेनडॉर्फ काय आणि ग्रे काय, रेडिओच्या कानाशीं दोघांचाहि कांहीं संबंध नव्हता!

अशा खुंटीच्या दांडीखालीं एक कळ बसविली कीं माझ्या विद्यार्थ्यास हवी होती ती वस्तु तयार होते. फिरवा म्हणजे यादींत खालींवर जा. दाबा म्हणजे निवड करा. गणकयंत्राच्या 'माउस'वरील चाक 1996 सालीं मायक्रोसॉफ्टनें ह्याच रीतीचें केलें, आणि 2001 सालीं बीएमडब्ल्यूनें आपल्या मोठ्या मोटारींत चालकाच्या हाताशीं अशी एकच थोरली खुंटी ठेवून पुष्कळशीं बटणें काढून टाकिलीं. त्यावर तेव्हां बरीच टीका झाली. तरी आज धुलाईयंत्रापासून त्रिमिति छापयंत्रापर्यंत ही खुंटी आढळते. तिचे गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. ती कोळशाच्या पट्ट्यासारखी खरखरत नाहीं, आणि एका दांडीवर चाळीस कामें करते.

दुसऱ्या खेपेस मी ती आणिली. ज्यांस हा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, स्विचवाला पॉट व स्विचवाला एन्कोडर ह्या दोहोंनाहि पाय पांचच असतात, तीन आणि दोन. ओळखण्याची खरी खूण एकच: फिरवून पाहावें. पॉट पाऊण फेऱ्याहून थोडा अधिक फिरून अडतो. एन्कोडर अडत नाहीं.

विद्यार्थ्यानें दोन दिवसांत यंत्र जुळविलें. आरंभीं एक खांच सरकविली कीं आवाज तीन पायऱ्या उडे. संपर्क मिटतांना कांहीं सहस्रांश सेकंद थरथरतात आणि गणक ती प्रत्येक थरथर मोजतो. त्यास क्षणभर थांबावयास शिकविल्यावर तें थांबलें. नंतर खुंटी फिरे पण दाबली जाईना. त्याचें कारण तर फारच साधें निघालें: नॉब फळीला टेकला होता. दाबण्याची खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. नॉब व फळी ह्यांत तेवढी फट ठेवावीच लागते.

मग आम्ही संच मावशीपुढें ठेविला. तिनें हात लांबविला, खुंटी चांचपली, डावीकडे वळविली, आणि ती 'टक्'ची वाट पाहत राहिली. खुंटी फिरतच राहिली. "अडत कां नाहीं रे ही?" तिनें विचारलें. विद्यार्थ्यानें समजाविलें कीं, आजी, एकदां दाबलें कीं आवाज, दोनदां दाबलें कीं केंद्र, दाबून धरलें कीं बंद. कशावर आहां तें समोरच्या पडद्यावर दिसतें. बोलतां बोलतां शेवटच्या शब्दावर तो स्वतःच थबकला.

मावशी कांहीं रागावली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "मग मला रोज कोणाला तरी हांक मारावी लागेल." हें वाक्य आम्हां दोघांच्याहि मनाला लागलें. ज्या यंत्रामुळें तिला दिवसभर कोणाचा आधार लागत नव्हता, तेंच आम्ही परावलंबी करून तिच्या हातीं देत होतों.

तिसरी खेप त्या दोघांनीं मिळून ठरविली. आवाजासाठीं जुन्या जातीचा पॉट, 'टक्' करणारा. आणि एन्कोडर राहील तो केवळ केंद्रांसाठीं. दाबला कीं, कोठेंहि भरकटलेला असो, तो थेट पुणें केंद्रावर येईल. म्हणजे न दिसणाऱ्यालाहि घरीं परतण्याची वाट सांपडली. पुणें केंद्र ज्या 792 किलोहर्ट्झवर लागे ती जागा मावशीला जुन्या संचावर बोटानें ठाऊक होती. आतां तिला ती दाबून मिळणार होती.

राहतां राहिले नॉब. मावशीला हवे होते ते तिच्या जुन्या संचावरचेच, कडेला खांचा पाडलेले. ते पाव इंची दांडीसाठीं केलेले, म्हणजे भोंक 6.35 मिलिमीटरचें; आणि हल्लींची दांडी असते 6 मिलिमीटरची. ह्या एक तृतीयांश मिलिमीटरामुळें जुना नॉब नव्या दांडीवर डुलतो. गल्लींतील त्याच दुकानदारानें तांब्याच्या पातळ पत्र्याची एक पट्टी कापून दिली, तिचे पैसे घेतले नाहींत, आणि ती दांडीभोंवतीं एकदां गुंडाळून वरून नॉबचा बारीक स्क्रू कसा आंवळावा तें दाखविलें. पावसाळ्यांत ती पट्टी हिरवी पडते. तेव्हां मावशी मला हांक मारते, आणि मी ती बदलून देतों.